परदेशवास आणि लेखकाची राष्ट्रजाणीव : कोल्हापूर परिसर

स्वदेशापासून दूर राहिलेल्या लेखकाच्या मनात आपला देश, आपले लोक आणि त्यांतले आपले स्थान यांविषयी जी जाणीव घडते, बदलते किंवा टोकदार होते, तिचा विचार येथे कोल्हापूरशी संबंध असलेल्या लेखनापुरता केला आहे. ‘लेखक’ ही संज्ञा सैल अर्थाने घेतली आहे. एकोणिसाव्या शतकातील पुरावा प्रामुख्याने दैनंदिनी, पत्रे, भाषणे आणि प्रबंध यांच्या रूपाने मिळतो. कथा-कादंबरीच्या रूपाने जवळजवळ नाहीच.

परदेशात गेल्यावर देशाची ओढ वाढते आणि त्या ओढीतून राष्ट्रवाद पोसला जातो, अशी एक मांडणी आहे. राष्ट्रवादाचे अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांनी तिला दूरस्थ राष्ट्रवाद असे नाव दिले. दुसऱ्या मांडणीप्रमाणे परदेशवासात ओळख घट्ट होण्याऐवजी मिश्र आणि दुभंगलेली होते. मराठी वाचकाला पहिली मांडणी जवळची वाटते, कारण सावरकरांनी १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेली सागराची कविता सर्वांच्या पाठांतरात आहे. तिच्याविषयी येथे अधिक सांगण्याचे कारण नाही. कोल्हापूरची उदाहरणे मात्र या दोन्ही साच्यांत पुरती बसत नाहीत. त्यांत राष्ट्राची ओळख लेखकाच्या मनातून उमलण्याआधी परक्यांनी त्याला चिकटवलेली दिसते, आणि लेखक पुढे ती स्वीकारतो, वाकवतो किंवा तिच्याकडे काणाडोळा करतो.

संस्थानी पार्श्वभूमी. कोल्हापूर हे ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हते. भोसले घराण्याच्या या संस्थानाचे मुंबई प्रांतात विलीनीकरण १ मार्च १९४९ रोजी झाले. तोपर्यंत येथील रहिवासी कायद्याने करवीर (कोल्हापूर) दरबारचा प्रजाजन असे. इंग्लंडच्या लेखी तो ब्रिटिश प्रजाजन नव्हता, ब्रिटिश संरक्षणाखालील व्यक्ती होता. मुंबई-पुण्याच्या माणसाला लंडनमध्ये आपण कोण, हे सांगताना एवढी अडचण पडत नसे. कोल्हापूरच्या माणसापुढे छत्रपतींची गादी, जात, धर्म, मराठी मुलूख आणि हिंदुस्थान असे पाच पर्याय एकाच वेळी उभे असत. त्यांतला कोणता पुढे करायचा, हे पुष्कळदा समोरचा ठरवी.

दुसरे राजाराम महाराज यांची दैनंदिनी. या विषयातील सर्वांत जुना आणि सर्वांत चर्चिला जाण्याजोगा पुरावा हाच आहे. राजाराम महाराज (१८५०–१८७०) मूळचे पाटणकर घराण्यातील. १८६६ मध्ये दत्तक येऊन ते गादीवर आले. (कोल्हापूरच्या गादीवर १९२२ मध्ये आलेले शाहूपुत्र राजाराम वेगळे. ग्रंथसूचींत या दोघांची सरमिसळ होते.) १८७० च्या उन्हाळ्यात ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे वारले. तेव्हा त्यांना एकविसावे वर्ष चालू होते.

युरोपला जाणारे ते पहिले हिंदी राजे, असे विधान अनेक ठिकाणी सापडते. ते मर्यादा घालूनच स्वीकारावे लागते. पंजाबचे दुलीपसिंग आणि कुर्गचे चिक्कवीर राजेंद्र त्यांच्या आधी इंग्लंडात पोहोचले होते, पण दोघांचीही राज्ये तोवर खालसा झालेली होती. नेपाळचे जंगबहादूर राणा १८५० मध्ये गेले, परंतु ते राजे नव्हते, पंतप्रधान होते. गादीवर असताना समुद्र ओलांडणाऱ्या अगदी पहिल्या हिंदू संस्थानिकांपैकी एक, एवढे म्हणणे सुरक्षित ठरेल. हा वाद निव्वळ मानाचा नाही. राज्य गमावून परदेशी राहिलेला माणूस आणि राज्य मागे ठेवून पाहुणा म्हणून गेलेला माणूस हे स्वतःविषयी सारखे लिहीत नाहीत.

दैनंदिनी १८७२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ती इंग्रजीत असून कोल्हापूरच्या राजकीय कारभाराशी संबंधित असलेले कॅप्टन एडवर्ड वेस्ट तिचे संपादक होते. म्हणजे लेखक मृत, भाषा परकी आणि संपादक ब्रिटिश अधिकारी. तरुण राजाचे मन या छापील मजकुरात कितपत उतरले आहे, याविषयी दोन टोकांची मते संभवतात. एक असे, की हा सुशिक्षित आणि आज्ञाधारक संस्थानिकाचा नमुना म्हणून सजवलेला मजकूर आहे. वसाहतकाळातील अशा प्रकाशनांचा हेतू पाहता या मतात तथ्य आहे. दुसरे मत, नोंदींचा त्रोटकपणा हीच त्यांच्या अस्सलपणाची खूण मानते. भेटीगाठी, सभा, नाटके, कारखाने, शाळा यांची नोंद होते आणि पान संपते; सजवणाऱ्याने याहून अधिक सजवले असते. हे दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. मात्र त्यामुळे दैनंदिनीत राष्ट्रजाणीव शोधणाऱ्याच्या हाती थोडेच लागते. इंग्रजीत लिहिणारा हा राजा स्वतःला कोणत्या एका नावाने हाक मारत होता, हे ओळींपेक्षा त्याच्या वागण्यावरून जास्त कळते. सोबत नेलेला परिवार, खाण्यापिण्याचे नियम आणि दरबारी पोशाख यांत करवीरचे छत्रपतीपण शाबूत होते.

मृत्यूनंतर काय घडले, ते अधिक बोलके आहे. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तेथे हिंदू दहनाची वहिवाट नव्हती. खास परवानगी मिळवून कासिने उद्यानाच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, दहन करण्यात आले. प्रयागसंगम अथवा पंचगंगेचा काठ डोळ्यापुढे ठेवूनच ही जागा निवडली गेली, हे उघड आहे. १८७४ मध्ये तेथे छत्री उभारली गेली. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांचा. पुतळा रंगीत आहे. पांढऱ्या संगमरवराची सवय असलेल्या त्या शहरात पगडी, दागिने आणि चेहऱ्याचा सावळा रंग यांसह बसलेला हा तरुण सहज नजरेत भरतो.

स्मारकावरील लेख चार भाषांत असल्याचे सांगतात. इटालियन आणि इंग्रजी यांविषयी मतभेद नाही. उरलेल्या दोन भाषा हिंदी आणि पंजाबी असल्याचे काही इटालियन वर्णनांत म्हटलेले आढळते. करवीरच्या राजाच्या स्मारकावर पंजाबी कशासाठी, असा प्रश्न कोणत्याही मराठी वाचकाला पडेल. अनोळखी लिपी पाहून केलेला हा तर्क असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पण या घोटाळ्यातच विषयाचे मर्म आहे. फ्लॉरेन्सकरांनी त्या जागेला ‘इंडियानो’चे, म्हणजे हिंदी माणसाचे, नाव दिले. कोल्हापूर, भोसले, मराठा हे सगळे गळून पडले. १९७० च्या दशकात जवळच आर्नोवर बांधलेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव मिळाले. हिंदुस्थान नावाचे राष्ट्र राजकीयदृष्ट्या अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी एक कोल्हापूरकर इटलीत फक्त ‘हिंदी’ झाला, आणि तेही स्वतः न म्हणता.

आनंदीबाई जोशी. वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई (१८६५–१८८७) जन्माने कोल्हापूरच्या नव्हत, परंतु त्यांच्या परदेशगमनाचा आरंभ आणि नियोजित शेवट या दोन्ही टोकांना कोल्हापूर आहे. पती गोपाळराव टपाल खात्याच्या नोकरीनिमित्त येथे असताना त्यांचा अमेरिकन मिशनऱ्यांशी संबंध आला. कोल्हापूर मिशनचे संस्थापक रॉयल वाइल्डर तोवर अमेरिकेस परतले होते. गोपाळरावांनी त्यांच्याशी केलेला पत्रव्यवहार (१८७८ ते १८८० च्या दरम्यानचा) वाइल्डर यांनी आपल्या नियतकालिकात छापला. तो वाचून न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी आनंदीबाईंशी पत्रमैत्री जोडली.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथे केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे जाहीर केले. पुढची तीन वर्षे या वचनाची परीक्षा होती. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पाय झाकले जात नसत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. लुगडे टिकवायचे तर नेसण बदलावी लागली. १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली अशा तीन विद्यार्थिनी आपापल्या देशच्या पोशाखात बसल्या आहेत. एका देशाला एक पोशाख, अशी ही मांडणी आहे. मायदेशी साडी ही जात, प्रांत आणि वैवाहिक स्थिती सांगे. त्या खोलीत तिने ‘भारत’ सांगितला. गंमत अशी, की नेसण मराठी असो वा गुजराती, छायाचित्र पाहणाऱ्या अमेरिकनाला फरक कळणार नव्हता.

१८८६ च्या पदवी-प्रबंधासाठी आनंदीबाईंनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला. परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थिनीने आधुनिक वैद्यकाच्या परीक्षेला आपल्या प्राचीन परंपरेचा आधार द्यावा, हा योगायोग नव्हे. परक्यांसमोर आपले राष्ट्र उभे करताना वर्तमानापेक्षा भूतकाळ हाताशी घेणे सोपे जाते. त्या काळच्या बहुतेक परदेशस्थ हिंदी लेखकांनी हेच केले. या निवडीत ‘आर्य’ शब्दाबरोबर कोण आत येतो आणि कोण बाहेर राहतो, हा प्रश्न आनंदीबाईंच्या चरित्रकारांनी फारसा विचारलेला नाही.

पदवीनंतर करवीर दरबाराने त्यांची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर नेमणूक केली. आज सीपीआर म्हणून ओळखले जाणारे हेच रुग्णालय. त्याच्या इमारतीचा आराखडाही मँट यांच्याच नावावर जमा आहे. रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे पुरल्या गेल्या. तेथील शिळेवर शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा आशयाची ओळख कोरलेली आहे. फ्लॉरेन्सने राजाची जात आणि गादी दोन्ही विसरून देश लक्षात ठेवला. पोकीप्सीने देशाबरोबर जातही कोरली.

शाहू छत्रपती आणि डॉ. आंबेडकर. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा हुकूम करवीर गॅझेटात निघाला, तेव्हा ते परदेशातच होते. परदेशदर्शनातून हा हुकूम निघाला, असे कारण-परिणामाचे सरळ नाते काही लेखक जोडतात. राजघराण्याच्या वेदोक्त विधींच्या अधिकारावरून उठलेले वेदोक्त प्रकरण त्याआधीच तापलेले होते, हे लक्षात घेता ते नाते अतिशयोक्त वाटते. शाहूंच्या पत्रांकडे साहित्य म्हणून पाहण्याची प्रथा नाही.

आंबेडकरांचा कोल्हापूरशी संबंध अस्पृश्यांच्या माणगाव परिषदेचा (मार्च १९२०) आणि त्यांच्या ‘मूकनायक’ पत्राला शाहूंनी दिलेल्या अडीच हजार रुपयांचा. त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले. प्रस्तुत विषयात त्यांचे एक आत्मपर निवेदन निर्णायक आहे. अमेरिका आणि इंग्लंडमधील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही भावना मनातून पुसून गेली होती, आणि १९१७ मध्ये बडोद्यास येताच राहायला जागा मिळेना तेव्हा ती पुन्हा समोर ठाकली, असे ते सांगतात. परदेशवासाने देशाची ओढ वाढते, या मांडणीला हा सर्वांत बळकट प्रतिवाद आहे. येथे बोटीतून उतरल्यावर देश भेटत नाही, जात भेटते. ज्या लेखकाला घरीच परकेपणा मिळाला, त्याच्या राष्ट्रजाणिवेची मोजपट्टी निराळी लावावी लागते. आनंदीबाई आणि आंबेडकर यांना एकाच प्रकरणात बसवणारे अभ्यास हा भेद पुष्कळदा बुजवतात.

इतिहासलेखन. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण मूळचे मुलतानचे. लंडनची पीएच.डी. घेऊन ते १९२० च्या दशकात कोल्हापुरात आले आणि १९३२ पासून त्यांचे इंग्रजी शिवचरित्र खंडशः प्रसिद्ध झाले. त्यात इंग्रजी आणि डच कागदपत्रांचा मोठा वापर आहे. पंजाबी गृहस्थाला कोल्हापूर हेच एका अर्थी परमुलूख. तरी मराठी राष्ट्रपुरुषाचे चरित्र त्यांनी परदेशी दप्तरांच्या आधारे कोल्हापुरात बसून लिहिले. शिवाजी विद्यापीठाचे (स्थापना १९६२) पहिले कुलगुरू आणि ताराबाईकालीन कागदपत्रांचे संपादक डॉ. आप्पासाहेब पवार हेही इंग्लंडात शिकलेले. या पिढीची देशभावना समुद्राकडे पाहून उसासे टाकत नाही. ती दप्तरखान्यात नकला उतरवून घेते. मराठी समीक्षेने तिची दखल घेतलेली नाही, ती इतिहासकारांच्या खात्यात टाकून दिली आहे.

१९४९ नंतर. विलीनीकरणानंतरचे कोल्हापूरचे महत्त्वाचे ललित लेखन ग्रामीण किंवा ऐतिहासिक-पौराणिक आहे. शंकर पाटील, आनंद यादव, रणजित देसाई, शिवाजी सावंत हे या भागातील कागल, आजरा, कोवाड अशा गावांशी जोडलेले लेखक; परदेश हा त्यांचा विषय नव्हे. साहित्य आपल्याच भूमीत आणि परंपरेत रुजलेले असावे, असे मानणाऱ्या देशीवादाचा या भागातील लेखकांवर खोल प्रभाव पडला. त्याचे प्रवर्तक भालचंद्र नेमाडे काही काळ लंडनमध्ये अध्यापन करीत होते, याकडे देशीवादाचे समर्थक आणि विरोधक दोघेही आपापल्या सोयीने बोट दाखवतात. अभियंते आणि संगणक-व्यावसायिक म्हणून गेलेल्या अलीकडच्या पिढीचे लेखन मुख्यतः उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या अंकांत आणि दिवाळी अंकांत विखुरलेले आहे. त्यात भारतीय असण्यापेक्षा कोल्हापूरकर असण्याचा उच्चार अधिक ठळक दिसतो, आणि तो बहुधा तांबड्या-पांढऱ्या रश्शापाशी येऊन थांबतो.