जुळ्यांची तुकडी कोणी ठरवायची?

शाळेत जुळी भावंडं आली की दोघांना वेगवेगळ्या तुकड्यांत घालायचं, हा शिरस्ता अमेरिकेतल्या कितीतरी शाळांनी वर्षानुवर्षं पाळला. आईवडिलांनी कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: एकत्र राहिली तर दोघांची स्वतंत्र ओळख घडत नाही, एक बोलतं आणि दुसरं त्याच्या आड लपतं. आपल्याकडेही दोन-तीन तुकड्यांच्या शाळांत हे ऐकायला मिळतं. पाच-सहा वर्षांच्या मुलांचे शाळेतले पहिले दिवस या समजुतीवर ठरतात, म्हणून तिची पाळंमुळं शोधायला हवीत.

एक मूळ लंडनमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मनोविश्लेषक बायकांनी हॅम्पस्टेडला बालगृहं चालवली. तिथल्या एकसारख्या जुळ्यांच्या तीन जोड्यांचं निरीक्षण बर्लिंगहॅम यांनी बारकाईने नोंदवलं आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध केलं. एकमेकांची नक्कल करणारी, एकमेकांतच रमणारी ही मुलं वेगळी व्यक्ती म्हणून कशी घडणार, ही काळजी तिथून मनोविश्लेषकांच्या लिखाणात रुजली.

दुसरं मूळ सोव्हिएत रशियातलं, आणि ते जास्त बोलकं आहे. अलेक्झांडर लुरिया आणि युदोविच या मानसशास्त्रज्ञांकडे पाच वर्षांचे दोन जुळे भाऊ आले. दिवसभर एकमेकांच्याच संगतीत राहिल्यामुळे दोघांची बोली त्यांच्यापुरतीच उरली होती. तुटक शब्द, खुणा, हावभाव. समोर काय चाललंय ते दिसत असेल तरच ऐकणाऱ्याला अर्थ लागायचा. खेळही तसाच, आधी ठरवून काही मांडणं जमायचं नाही. संशोधकांनी त्यांना बालवाडीच्या दोन वेगळ्या गटांत ठेवलं. इतर मुलांशी बोलल्याशिवाय गत्यंतरच राहिलं नाही, आणि तीन महिन्यांत ती खासगी बोली मागे पडून दोघं नीट बोलू लागले. एकाला भाषेचे वेगळे धडेही दिले होते, पण मोठा बदल दोघांतही झाला. १९५६ मध्ये छापलेला हा अभ्यास १९५९ मध्ये इंग्रजीत आला.

निष्कर्ष थक्क करणारा आहे, यात शंका नाही. पण ही मुलं मुळात बोलण्यात फार मागे पडलेली होती. सर्वसाधारण, चुरूचुरू बोलणाऱ्या जुळ्यांना हाच उपाय लावायला त्यात काहीच आधार नव्हता. शाळांनी मात्र मोजक्या मुलांवरून बांधलेला विचार सरसकट नियम करून टाकला. मला यातलं सर्वांत खटकतं ते हेच.

जोवर जुळी तुरळक होती, तोवर कोणी फारसं भांडलं नाही. पुढे उशिरा होणारी मातृत्वं आणि वंध्यत्वावरचे उपचार वाढले आणि चित्र पालटलं. अमेरिकेत १९८० मध्ये जन्मणाऱ्या दर ५३ बाळांत एक जुळ्यातलं होतं, २००९ मध्ये दर ३० बाळांत एक. ही मुलं शाळेच्या दारात आली तेव्हा त्यांचे पालक एकेकटे नव्हते. जुळ्यांच्या मातांची राष्ट्रीय संघटना तिथे १९६० पासून होती. मुलं आमची, त्यांचा स्वभाव आम्हाला माहीत, मग निर्णय शाळेचा का, हा सवाल राज्यांच्या विधिमंडळांपर्यंत गेला.

२००५ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला. एकाच इयत्तेतल्या जुळ्यांना एकत्र ठेवा किंवा वेगळं ठेवा, अशी मागणी पालक करू शकतात. टेक्सासने २००७ मध्ये असाच कायदा केला, पुढे इतर राज्यंही आली. टेक्सासच्या कायद्यात पालकांनी पहिल्या १४ दिवसांत लेखी अर्ज द्यायचा असतो. शाळा सल्ला देऊ शकते, पण लगेच नाही म्हणू शकत नाही. पहिल्या गुणपत्रकापर्यंतचा काळ संपल्यावर शाळेची घडी विस्कटते आहे असं दिसलं, तरच शिक्षकांशी बोलून मुख्याध्यापक फेरविचार करू शकतात. तोलून मापून केलेली ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते.

संशोधनही याच सुमारास जागं झालं. इंग्लंड-वेल्समधल्या ८७८ जोड्यांचा अभ्यास २००४ मध्ये आला. पाचव्या वर्षीच वेगळी केलेली मुलं एकत्र राहिलेल्यांपेक्षा जास्त घाबरलेली, मिटलेली असल्याचं शिक्षकांनी नोंदवलं होतं, विशेषतः एकसारखी जुळी. सातव्या वर्षापर्यंतही ते पुरतं ओसरलं नव्हतं. नेदरलँड्समध्ये मात्र बाराव्या वर्षीच्या परीक्षेत एकत्र शिकलेल्या आणि वेगळं शिकलेल्या जुळ्यांच्या गुणांत फरक दिसला नाही. २०१८ मध्ये ब्रिटन आणि कॅनडातल्या क्वेबेकमधल्या नऊ हजारांवर जोड्यांचा, ७ ते १६ वयापर्यंतचा ताळा आला. अभ्यासातली प्रगती, बुद्धी, शिकण्याची ओढ यांत सरासरीने म्हणण्यासारखा फरक नाही. सरासरीत एखादी हिरमुसलेली जोडी दिसत नाही हे खरं, पण सगळ्यांना वेगळं करा असा नियम यातून निघत नाही, सगळ्यांना एकत्र ठेवा असाही नाही.

आपल्याकडच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात किती मुलांमागे किती शिक्षक याचं कोष्टक आहे, जुळ्यांचा उल्लेख नाही. खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत इयत्तेला एकच वर्ग, दोनशिक्षकी शाळेत तर दोन-तीन इयत्ता एका खोलीत. तिथे जुळी एकत्रच बसतात. वाटा फुटण्याची वेळ येते ती पाचवीला मोठ्या शाळेत गेल्यावर, शहरात बालवाडीपासूनच. आणि जिथे तुकड्या गुणांवर पाडतात तिथे तर फार वाईट होतं. एक 'अ'मध्ये, दुसरी 'क'मध्ये, आणि अख्ख्या सोसायटीला कळतं की दोघींत हुशार कोण. स्वतंत्र ओळखीचा इथे काही संबंधच उरत नाही. अशा शाळेत पालकांनी तुकड्या पाडायच्या आधी, मे महिन्यातच मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा. दोघींना विचारून द्यावा, आणि दोघींची उत्तरं वेगळी आली तर तेही अर्जात लिहावं.