वायरलेस आणि स्पर्शरहित: बाळाच्या अंगावरून नेमकं काय निघतं?

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पेटीत ठेवलेलं बाळ पहिल्यांदा पाहिलं की नजर आधी ठोके, श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या वायरींवर जाते. ‘हे काढता नाही का येणार?’ या प्रश्नावर हल्ली दोन शब्द ऐकू येतात: वायरलेस आणि स्पर्शरहित. दोन्ही एकच समजले जातात, पण तसं नाही.

वायरलेसमध्ये फक्त वायर जाते, सेन्सर अंगावरच राहतो. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०१९ मध्ये दोन पातळ, मऊ पट्ट्या दाखवल्या. छातीवरची पट्टी ईसीजी घेते, पायावरची रक्तातला ऑक्सिजन मोजते. आईला बाळ छातीशी घ्यायचं असेल, तर पट्ट्या बाळाबरोबर जातात. माझ्या मते वायरलेसचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

स्पर्शरहित पद्धतीत बाळाला काहीच चिकटवत नाहीत. प्रत्येक ठोक्याला त्वचेखालचं रक्त किंचित कमी-जास्त होतं आणि त्वचेचा रंग डोळ्यांना कळणार नाही इतका बदलतो. कॅमेरा तो टिपतो, तोही मुख्यतः हिरव्या प्रकाशात, कारण हिमोग्लोबिन हा प्रकाश चांगला शोषतं. श्वास छातीच्या हालचालीवरून मोजतात. त्यासाठी रडारही चालतं. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या त्वचेचा वरचा थर पुरता तयारच नसतो, चिकटपट्टी काढताना पापुद्रा निघून येतो. अशा बाळासाठी स्पर्श टळणं किती मोलाचं, हे वेगळं सांगायला नको. पण तेच बाळ पेटीतून आईकडे गेलं किंवा पांघरुणात गुंडाळलं, तर कॅमेऱ्याला दिसणार काय? काविळीसाठी लावलेला निळा दिवाही रंग बिघडवतो.

सगळ्यात नाजूक मुद्दा श्वास थांबण्याचा. अकाली जन्मलेल्या बाळांचा श्वास मध्येच थांबतो. २० सेकंदांहून जास्त थांबला तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. कधी मेंदूकडून आदेशच येत नाही, मग छाती स्थिर राहते आणि रडारला ते कळतं. पण श्वासमार्ग बंद झाला असेल, तर बाळ धडपडतं, छाती हलत राहते आणि हवा आत जात नाही. हालचाल मोजणाऱ्या यंत्राला तो चालू श्वास वाटू शकतो. (छातीवर चिकटवलेल्या नेहमीच्या वायरींनाही (लीड) इथे चकवा बसतो, कारण तेही श्वास छातीच्या हालचालीवरूनच ओळखतात.) अशा वेळी खरी गोष्ट सांगतो तो घसरणारा ऑक्सिजन, आणि कॅमेऱ्याने मोजलेल्या ऑक्सिजनवर अजून तेवढा भरवसा ठेवता येत नाही. म्हणून वर कॅमेरा असला तरी पायाचा प्रोब, म्हणजे ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, काढत नाहीत.