‘दो कलियाँ’च्या आधीची गोष्ट: तमिळ ‘कुळंदैयुम दैवमुम’

‘बच्चे मन के सच्चे’ हे लताबाईंचं गाणं न ऐकलेला मराठी माणूस विरळाच. ते १९६८ च्या ‘दो कलियाँ’मधलं. पडद्यावर चिमुकली नीतू सिंग, तेव्हाची ‘बेबी सोनिया’. पण हा चित्रपट मुळात तमिळ. मद्रासच्या एव्हीएम या चित्रपटसंस्थेने १९६५ साली ‘कुळंदैयुम दैवमुम’ काढला, दिग्दर्शक कृष्णन-पंजू. ताटातूट झालेल्या जुळ्या बहिणींच्या दोन्ही भूमिका कुट्टी पद्मिनी या एकाच मुलीने केल्या. माझ्या मते सगळं श्रेय आधी तिला जातं.

कथानकाचं मूळ आणखी लांबचं, जर्मनीतलं. लेखक एरिक केस्टनरची पुस्तकं नाझींनी १९३३ मध्ये जाळली आणि त्याच्यावर लेखनबंदी घातली. मध्यंतरी १९४२ मध्ये जरा सूट मिळाली, तेव्हा त्याने या जुळ्यांच्या चित्रपटाची कल्पना मांडली. पण ती सूट लवकरच काढून घेतली गेली आणि कल्पना तशीच राहिली. अखेर १९४९ मध्ये तिची कादंबरी झाली. पुढच्याच वर्षी जर्मन चित्रपट आला, १९६१ मध्ये डिस्नेचा ‘द पॅरेंट ट्रॅप’ आला आणि तिथून गोष्ट मद्रासला पोचली.

मूळ कथेत आईवडिलांचा घटस्फोट झालेला असतो. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याने १९५५ मध्ये घटस्फोटाची वाट मोकळी केली होती, तरी कौटुंबिक चित्रपटाच्या प्रेक्षकाला ती सहज पचणारी नव्हती. म्हणून तमिळमध्ये संसार मोडतो तो श्रीमंत, हेकेखोर सासूपायी. जी. वरलक्ष्मी सासू, जमुना तिची मुलगी आणि जयशंकर स्वाभिमानी जावई. या एका बदलाने परदेशी गोष्ट इथल्या घराघरातली झाली. घरजावयाचं दुखणं कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

‘कोळी ओरु कूट्टिले’ हे गाणं अवश्य ऐका. कोंबडी एका खुराड्यात, कोंबडा दुसऱ्या खुराड्यात आणि दोन पिल्लं मायेविना रानात, एवढाच आशय. आवाज एम. एस. राजेश्वरींचा. १९६० च्या ‘कळत्तूर कण्णम्मा’त छोट्या कमल हासनसाठी ‘अम्मावुम नीये’ त्यांनीच गायलं होतं. लहान मुलाचा आवाज काढताना त्या कुठेही लाडिक होत नाहीत.

दुहेरी भूमिका तेव्हा कष्टाचं काम होतं. भिंगाचा अर्धा भाग झाकून एक बाजू चित्रित करायची, रीळ मागे घेऊन दुसरी. कॅमेरा तसूभरही हलता कामा नये, आणि समोर कोणी नसताना त्या मुलीने बहिणीशी बोलायचं.

सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याच चित्रपटाला मिळाला. १९६६ च्या तेलुगू ‘लेत मनसुलु’मध्येही दोन्ही बहिणी कुट्टी पद्मिनीच होती. नीतू सिंगकडे या भूमिका आल्या त्या त्यानंतर, हिंदीत. दिग्दर्शक तेच, कृष्णन-पंजू.