पार्लर मॅजिक

पार्लर मॅजिक म्हणजे साधारण वीस ते दीडशे प्रेक्षकांसमोर, उभे राहून आणि मोठ्या यंत्रसामग्रीशिवाय केलेले जादूचे प्रयोग. प्रेक्षक खुर्च्यांवर किंवा सतरंजीवर समोर बसलेले असतात. जादूगार त्यांच्याच पातळीवर किंवा हातभर उंचीच्या मंचावर उभा असतो. शाळेचे सभागृह, सोसायटीचा हॉल, कंपनीचे स्नेहसंमेलन, गणेशोत्सवाचा मांडव, वाढदिवस ही या प्रयोगांची नेहमीची ठिकाणे होत.

टेबलाभोवती बसलेल्या पाच-दहा जणांना दाखवायची क्लोज-अप जादू आणि नाट्यगृहातली भव्य रंगमंचीय जादू या दोहोंमधली एक पायरी म्हणून पार्लरकडे पाहण्याची सवय आहे. ती या प्रकारावर अन्याय करणारी आहे. क्लोज-अप करणारा बसलेला असतो. टेबलाची कड आणि स्वतःची मांडी त्याच्या मदतीला असते आणि प्रेक्षकांची नजर कुठे आहे हे त्याला दिसत असते. रंगमंचावरच्या जादूगाराला अंतर मिळते, प्रकाशयोजना मिळते, पडदा आणि मदतनीस मिळतात. पार्लरमध्ये पहिली रांग पाच-सहा फुटांवर असते आणि शेवटची तीस-चाळीस फुटांवर. एकाच हालचालीने पहिल्या रांगेला काही कळता कामा नये आणि शेवटच्या रांगेला सगळे दिसले पाहिजे. या कलेतले बहुतेक निर्णय याच एका अडचणीतून निघतात.

या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली ती एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात. झाँ-यूजेन रोबेर-उदँ (१८०५–१८७१) हा फ्रान्समधल्या ब्ल्वा गावचा घड्याळजी. ३ जुलै १८४५ रोजी त्याने पॅरिसच्या पाले-रॉयाल परिसरात सुमारे दोनशे आसनांचे छोटे नाट्यगृह सुरू केले. जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या कापडांनी झाकलेली टेबले त्याने हटवली आणि तिथे दिवाणखान्यात शोभेल असे हलके, उघडे फर्निचर आणले. अंगात त्याच्या प्रेक्षकांसारखाच संध्याकाळच्या समारंभाचा पोशाख असे. कापडाखाली काहीतरी दडवले असेल ही शंकाच त्यामुळे उरत नसे. पुढच्या वर्षी त्याने मुलगा एमिल याच्यासह ‘दुसरी दृष्टी’ हा प्रयोग आणला. डोळे बांधलेला एमिल मंचावर बसे, वडील प्रेक्षकांमधून फिरत त्यांच्या वस्तू हातात घेत आणि मुलगा त्या वस्तू ओळखून सांगे. हजारो आसनांच्या नाट्यगृहात हे करता आले नसते, कारण प्रेक्षकाच्या खिशातल्या वस्तूपर्यंत जादूगाराचा हात पोहोचणे हाच त्या प्रयोगाचा गाभा होता.

व्हिएन्नातल्या योहान नेपोमुक होफझिन्सरने (१८०६–१८७५) हा प्रकार आणखी घरगुती केला. तो अर्थखात्यात सरकारी अधिकारी होता. १८५७ पासून तो निमंत्रितांसाठी ‘भ्रमाचा एक तास’ या नावाने कार्यक्रम करू लागला. सरकारी नोकरीमुळे ते पत्नी विल्हेल्मिनाच्या नावावर चालत. होफझिन्सरचे खरे प्रेम पत्त्यांवर होते. पत्त्यांच्या जादूला हातचलाखीच्या पलीकडे नेऊन तिला गोष्टीचा आणि संभाषणाचा आकार त्याने दिला, असे म्हणायला हरकत नाही. आपले कागद मृत्यूनंतर नष्ट व्हावेत अशी त्याची इच्छा होती. तरीही शिष्यांकडून जे हाती लागले ते विसाव्या शतकाच्या आरंभी ऑटोकार फिशर यांनी संकलित केले, म्हणूनच आज त्याचे काम आपल्याला माहीत आहे.

इंग्लंडमध्ये मॅस्केलिन आणि कुक या जादूगारांच्या जोडीने १८७३ पासून लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये जादूचे कायमचे ठिकाण उभे केले. ते तिथे १९०४ पर्यंत चालले. याच काळात ‘प्रोफेसर हॉफमन’ या नावाने लिहिणाऱ्या अँजेलो लुइस या वकिलाने १८७६ साली ‘मॉडर्न मॅजिक’ हे पुस्तक काढले. व्यावसायिकांनी जपलेली बरीच तंत्रे त्यामुळे हौशी लोकांपर्यंत गेली आणि घरच्या दिवाणखान्यात पाहुण्यांपुढे जादू करणे ही मध्यमवर्गाची करमणूक झाली. या प्रकाराच्या नावातले ‘पार्लर’ म्हणजे तो दिवाणखाना.

पार्लरमध्ये टिकलेले प्रयोग पाहिले की वस्तूची निवड किती विचाराने होते ते दिसते. तीन वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्या सारख्या होतात आणि पुन्हा लहान-मोठ्या होतात. हा प्रयोग तीस फुटांवरून कळतो, कारण दोरी पांढरी असते, ती छातीसमोर ताणून धरली जाते आणि काय बदलले हे सांगायला शब्द लागत नाहीत. नाणे मात्र दुसऱ्या रांगेनंतर दिसत नाही. तरीही हवेतून नाणी काढून बादलीत टाकण्याचा प्रयोग शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे, तो प्रत्येक नाणे बादलीत पडताना होणाऱ्या खणखणाटामुळे. अमेरिकन जादूगार टी. नेल्सन डाउन्स (१८६७–१९३८) यांची सारी कीर्ती नाण्यांच्या जोरावर उभी होती. पोलादी रिंगांचेही तसेच. एकात एक अडकणाऱ्या आणि सुटणाऱ्या या कड्या हातभर अंतरावरूनही समजतात आणि हॉलच्या दारातूनही. जादूगार दोन रिंगा एकमेकींवर आपटून नाद ऐकवतो. तो नाद शेवटच्या रांगेत बसलेल्याला सांगतो की रिंगा भरीव आहेत. पुढे जे घडते ते अशक्य वाटण्याचे निम्मे काम त्या नादाने आधीच केलेले असते. अंडे नाहीसे होऊन पुन्हा सापडणारी पिशवी, फाडून पुन्हा अखंड होणारे वर्तमानपत्र, प्रेक्षकाने सही केलेला पत्ता बंद पाकिटात सापडणे, पुस्तकातला मनात धरलेला शब्द ओळखणे हे प्रयोगही याच घरातले.

सपाट जमिनीच्या हॉलमध्ये तिसऱ्या-चौथ्या रांगेनंतर जादूगाराच्या कमरेखालचे काहीच दिसत नाही. म्हणून अनुभवी माणूस सगळे काम छातीच्या वर करतो आणि टेबल केवळ सामान ठेवण्यापुरते बाजूला ठेवतो. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या असतील तर टोकाच्या खुर्च्यांवरून हाताची मागची बाजू दिसते. कार्यक्रमाआधी त्या दोन खुर्च्यांवर स्वतः बसून पाहणे हा या धंद्यातला शहाणपणाचा रिवाज आहे. माइकचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण हातातला माइक एक हात अडवतो आणि दोरीच्या प्रयोगाला दोन्ही हात लागतात. कॉलर माइक नसेल तर स्टँड मागावा लागतो.

तरीही या प्रकाराचा जीव मंचावर बोलावलेल्या प्रेक्षकात आहे. शंभर जण त्याच्या चेहऱ्यावरून प्रयोग पाहतात. त्याला आश्चर्य वाटले तर सभागृहाला वाटते. तो अवघडला तर सगळे अवघडतात. त्याला नाव विचारून नावाने हाक मारणे, त्याचे तोंड प्रेक्षकांकडे राहील असे उभे करणे, पत्ता त्याने निवडल्यावर तो सगळ्यांना दाखवायला लावणे आणि शेवटी टाळ्यांच्या गजरात त्याला जागेवर पोहोचवणे, एवढे केले तरी बरेच साधते. आलेल्या माणसाची फजिती करून हशा मिळवण्याची पद्धत आपल्याकडच्या कार्यक्रमांत सर्रास दिसते. त्या हशाची किंमत जादूगारालाच मोजावी लागते, कारण पुढच्या वेळी ‘कोण येतंय?’ म्हटल्यावर एकही हात वर होत नाही.

पार्लर हा स्वतंत्र प्रकार आहे हे संस्थांनीही मान्य केले आहे. हॉलिवूडमधल्या मॅजिक कॅसल या १९६३ साली सुरू झालेल्या क्लबमध्ये क्लोज-अप, पार्लर आणि रंगमंच यांसाठी वेगवेगळी दालने आहेत. जादूगारांच्या ‘फिझम’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत पार्लरसाठी वेगळे पारितोषिक असते.

महाराष्ट्रात गारुडी आणि मदारी यांचा खेळ रस्त्यावरच्या रिंगणात चालत आला. तिथे पाठीमागेही प्रेक्षक असल्याने त्याचे तंत्र वेगळे पडते. सभागृहातल्या प्रयोगांची सवय मराठी प्रेक्षकांना लावणाऱ्यांत पुण्याचे जादूगार रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचे कार्यक्रम मोठ्या रंगमंचावरचेही होते. विजय रघुवीर आणि जितेंद्र रघुवीर यांनी हा वारसा पुढच्या दोन पिढ्यांत चालवला.

याच आकाराच्या सभागृहात महाराष्ट्राने आणखी एक गोष्ट घडवली, ती म्हणजे चमत्कार सादरीकरण. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळा-महाविद्यालयांत आणि गावच्या सभांत बुवाबाजीतले ‘चमत्कार’ करून दाखवतात आणि मग त्यामागचे कारण उलगडतात. काडी न लावता होम पेटतो. त्यात तूप म्हणून ओतलेले ग्लिसरीन असते आणि खाली पोटॅशियम परमँगनेट. लिंबू कापताच ‘रक्त’ येते, कारण सुरीच्या पात्यावर मिथिल ऑरेंज लावलेले असते आणि लिंबाच्या आम्लाने ते लाल होते. मांडणी पूर्ण पार्लरची आहे: उभा सादरकर्ता, समोर शे-दीडशे माणसे, मदतीला त्यांच्यातलाच कुणी. अडचणीही त्याच आहेत. होमाची ज्वाळा मागच्या माणसाला दिसते, पण लिंबाचा लाल रस पांढऱ्या कागदावर पिळून उंच धरला नाही तर तो पहिल्या दोन रांगांपुरताच उरतो.

व्यावसायिक जादूगार रहस्य राखतो, कार्यकर्ता ते उघड करतो. दोघांमध्ये विरोध आहे असे मानण्याचे कारण नाही. जादूगार आपण दैवी शक्तीने काही करतो असे म्हणत नाही आणि कार्यकर्ता नेमका तसे म्हणणाऱ्याचाच हात उघडा पाडतो. कार्यकर्ते अनेकदा उलगडा झाल्यावर एखाद्या विद्यार्थ्याला पुढे बोलावून तोच प्रयोग त्याच्याकडून करवून घेतात. आगीचे आणि रसायनांचे प्रयोग मात्र प्रशिक्षित माणसानेच करावेत. ज्वाळा आणि पहिली रांग यांत पुरेसे अंतर ठेवावे लागते, आणि लहान हॉलमध्ये तेवढी जागा नसेल तर तो प्रयोग वगळणेच योग्य.