सुईण, सिस्टर आणि बाळंतपणानंतरचे पहिले मिनिट

सोलापुरात डफरीन चौक सांगितला की रिक्षावाला पुढचे काही विचारत नाही. या नावाचा धागा 1885 साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी उभारलेल्या निधीपर्यंत जातो. पुरुष डॉक्टरपुढे न येणाऱ्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि शिकलेल्या सुईणी तयार करायच्या, हा त्याचा हेतू. सोय झाली ती मुख्यतः शहरांची. खेड्यातले बाळंतपण गावच्या सुईणीच्याच हाती राहिले.

स्वातंत्र्यानंतर सरकारने याच सुईणींना शिकवले: हात, जागा, ब्लेड, दोरा आणि नाळ स्वच्छ ठेवा. त्याने धनुर्वाताला आळा बसायला मदत झाली, आणि ते श्रेय सुईणींना मोकळ्या मनाने द्यायला हवे. पण बाळंतीण दगावते ती बहुतेकदा रक्तस्रावाने, झटक्यांनी किंवा बाळ अडल्याने. तिथे साबण-ब्लेड काय करणार? सुरक्षित मातृत्वावरच्या 1987 च्या नैरोबी परिषदेनंतरही गरीब देशांत भर सुईण-प्रशिक्षणावरच होता. 1997 मध्ये कोलंबोत दिशा बदलली: प्रत्येक बाळंतपणाला डॉक्टर-सिस्टरचा कुशल हात हवा, आणि गुंतागुंत झाल्यास पुढे पोचवायची सोय हवी.

भारतात 2005 साली दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली, आशाताई दारोदार फिरू लागल्या. 2005-06 मध्ये दवाखान्यातली बाळंतपणे सुमारे 39 टक्के होती, 2019-21 मध्ये 89 टक्के.

मात्र दवाखान्याची पायरी चढली म्हणजे बाई सुटली असे नाही. बाळ बाहेर आले की पोटात दुसरे नाही ना हे चाचपून, एका मिनिटाच्या आत मांडीत 10 युनिट ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळून रक्तस्राव रोखणारे इंजेक्शन, द्यायचे. मग गर्भाशय घट्ट झाले की एका हाताने ओटीपोटावरून ते वर रेटून धरत, दुसऱ्या हाताने नाळ हळू ओढून वार काढायची. आधार न देता नाळ ओढली तर गर्भाशय उलटे होऊन बाहेर येऊ शकते.

हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. सोलापूरचा मे महिना चाळिशी ओलांडतो. दिवे गेले, अँप्युल खिडकीत राहिले, की त्याचा जोर उतरतो. सुई टोचली जाते, गर्भाशय मात्र मऊच राहते आणि रक्त थांबत नाही. अशा ठिकाणी तेच काम करणाऱ्या, फ्रीज न लागणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या 600 मायक्रोग्रॅमच्या गोळ्या हाताशी हव्यात.

रक्तदाब वाढून झटके आलेल्या बाईला पुढे पाठवताना गाडी सुटण्याआधीच झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट 10 ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, द्यायचे असते. त्यात आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. बाई मंगळवेढ्याहून अक्कलकोटला येते आणि रक्तदाबाच्या नोंदींचे कार्ड सासरीच राहते. मग हा दाब आजचा की महिनाभर चढत आलेला, हे सिस्टरला कळायला मार्ग नसतो.