सबवूफर पेटी, घरगुती

सबवूफर पेटी, घरगुती : साधारणतः २० ते १०० हर्ट्झ या पट्ट्यातील खर्जाचे स्वर ऐकवणारा स्पीकर जिच्यात बसवतात, ती गावच्या सुताराकडून किंवा स्वतः बनवलेली लाकडी पेटी. भजने, भीमगीते, झाडीपट्टी नाटकांतील गाणी यांचे ध्वनिमुद्रण व मिश्रण (मिक्सिंग) घरच्याच खोलीत करणाऱ्यांना विदर्भाच्या खेड्यांत ती लागते. वरातीतील डीजेच्या पेटीशी तिचे साम्य वरवरचे आहे. तिथे आवाज लांब पोचावा लागतो. इथे ढोलकीच्या धुमाची थाप जिथे थांबली तिथेच ऐकू येणेही थांबले पाहिजे.

उगम : स्पीकरचा कोन (शंकूच्या आकाराचा हलणारा पडदा) पुढे जाताना मागची हवा विरळ होते. खर्जात या पुढच्या-मागच्या लहरी एकमेकींना मारतात, म्हणून त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. राइस व केलॉग यांनी १९२५ मध्ये हलत्या कॉइलचा (पडद्याला जोडलेल्या तारेच्या वेटोळ्याचा) स्पीकर मांडला तेव्हाही ही गरज ठाऊक होती. मागची लहर वाया न घालवता नळीतून बाहेर काढण्याच्या युक्तीचे (बास रिफ्लेक्स) पेटंट बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये मिळाले. त्यामागचे अनुनादकाचे तत्त्व मात्र एकोणिसाव्या शतकातील हेल्महोल्ट्झ यांचे. बंद (नळी नसलेल्या) पेटीच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. पेटीतील हवेलाच स्प्रिंग मानणारी रचना एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये बाजारात आणली व १९५६ मध्ये तिचे पेटंट मिळवले. परंतु हॅरी ओल्सन व प्रेस्टन यांचे त्याच दिशेचे पेटंट १९४९ चे आहे आणि पुढे प्रतिस्पर्धी कंपनीशी झालेल्या वादात विल्चर यांचे पेटंट टिकले नाही. कागदावर अग्रक्रम ओल्सन यांचा असला, तरी मऊ टांगणीचा स्पीकर आणि लहान पेटी यांची जोडी वापरात रुजवण्याचे श्रेय विल्चर यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते. नळीच्या पेटीला अंदाजातून बाहेर काढले ते ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील (१९६१) आणि रिचर्ड स्मॉल (१९७० च्या दशकाचा पूर्वार्ध) यांनी. स्पीकरसोबतच्या कागदावर एफएस (मोकळ्या स्पीकरचा स्वतःचा अनुनाद), व्हीएएस (स्पीकरच्या टांगणीइतकीच लवचीक असणाऱ्या हवेचे घनफळ), क्यूटीएस (तो अनुनाद किती रेंगाळतो याचे माप) हे आकडे छापतात, ते या दोघांच्या मांडणीतले.

आकारमान : बंद पेटीचा एकूण क्यू (स्पीकर व पेटी मिळून अनुनाद किती रेंगाळतो याचे माप) ०.७०७ असावा, असे सर्वसाधारणपणे मानतात. १० इंची स्पीकरचा एफएस २८ हर्ट्झ, व्हीएएस ६० लिटर व क्यूटीएस ०.५ असल्यास पेटीचे घनफळ व्हीएएसएवढेच, म्हणजे ६० लिटर येते आणि पेटीतला अनुनाद ४० हर्ट्झच्या जवळ जातो. आतून ४४ × ३८ × ३८ सेंमी. माप घेतले, तर स्पीकरने व्यापलेली जागा वजा जाता हिशेब जमतो. एवढ्याच हवेला नळीने ३० हर्ट्झवर आणायचे, तर आतून १० सेंमी. व्यासाची नळी सुमारे ३६ सेंमी. लांब लागते. ओलितासाठी शेतात वापरतात तो पीव्हीसी पाइप या कामी सर्रास येतो. त्याचा बाहेरचा नव्हे, आतला व्यास मोजावा. नळीने व्यापलेली जागा भरून काढण्यासाठी पेटी त्या मानाने मोठी घ्यावी लागते. नळीची पेटी त्याच वॅटमध्ये जास्त वाजते, पण थाप रेंगाळते. शिवाय अनुनाद हवेतील ध्वनिवेगाच्या प्रमाणात सरकतो : २०° से. ला ३४३ मी./से. असलेला हा वेग चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या ४५° से. च्या दुपारी ३५८ च्या जवळ जातो आणि ३० हर्ट्झची पेटी ३१ च्या वर सरकते. हा फरक कानाला जेमतेम कळेल. तरीही मिश्रणाच्या कामाला बंद पेटीच अधिक भरवशाची.

साहित्य : गडचिरोली-चंद्रपूरकडे सागवान हाताशी असल्याने सागाच्या फळ्यांची पेटी करण्याचा मोह होतो. साग इतर लाकडांहून स्थिर खरा, पण रुंद फळी ऋतूप्रमाणे आकसते-फुगते आणि सांधे उघडतात. १८ मिमी. प्लायवूड बरे. एमडीएफ कापायला सोपे, पण त्याच खोलीत उन्हाळाभर कूलर चालत असेल तर त्याच्या कडा ओल धरून फुगतात. सांध्यांना फेविकॉल व स्क्रू, फटींत भुसा-फेविकॉलचा लगदा. पेटी हवाबंद झाली की नाही, हे पाहण्यासाठी कोन दोन्ही तळव्यांनी हलकेच दाबून सोडतात : सावकाश परतला तर ठीक, झटकन परतला तर कुठेतरी गळती आहे. मग मंद खर्ज वाजवत उदबत्ती सांध्यांवरून फिरवली की धूर जिथे हलतो तिथे फट सापडते.

आत पिंजलेला कापूस सैल भरतात. त्यामुळे हवा दाबली जाताना कमी तापते आणि पेटी आहे त्याहून मोठी असल्यासारखी वागते. ही वाढ सिद्धांतानुसार जास्तीत जास्त ४० टक्के, प्रत्यक्षात बरीच कमी. कापूस दडपून भरल्यास उलट परिणाम होतो.

खोली : पेटीपेक्षा खोलीचाच दोष बहुधा मोठा असतो. १० × १२ फुटांच्या खोलीत ५६ व ४७ हर्ट्झच्या आसपास स्थिर लहरी उभ्या राहतात. बास गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची, म्हणून तोच स्वर घुमतो आणि वाजवणारा विनाकारण तो कमी करत बसतो. उपाय साधा आहे : पेटी तात्पुरती ऐकणाऱ्याच्या जागी ठेवून भिंतीकडेने वाकून फिरावे आणि खर्ज जिथे सम ऐकू येईल तिथे ती न्यावी. टिनाच्या छपराचे पत्रे खर्जाला थरथरतात. हुकांखाली रबराच्या चकत्या घातल्याशिवाय पेटीबद्दल मत बनवू नये. कवेलूच्या घरात हा त्रास कमी, मात्र आवाज बाहेर जास्त जातो. नळीच्या पेटीत उंदीर शिरून कापूस व कोन कुरतडतात, म्हणून वापर नसताना नळीच्या तोंडाशी कापडाचा बोळा ठेवतात व वाजवण्याआधी काढतात.