शेवटचा पाना

गेल्या वर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, गाडीच्या पुढच्या दोन्ही लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यांचे, बुश (सांध्यातले रबरी तुकडे) बदलून घेतले. गोव्यात डिचोलीला राहायचं म्हटलं की हा खर्च दर काही वर्षांनी येतोच. रस्त्यांवरचे खड्डे, लाल चिखल आणि वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, यात रबर किती टिकणार? पण चवथीच्या बाजाराला निघालो तर स्पीडब्रेकरवर गाडी पुन्हा कुरकुरायला लागली. चार महिन्यांत नवे बुश फाटले होते, आणि तेही एकाच अंगाने, ओला कपडा पिळावा तसे.

दुसऱ्या गॅरेजमधल्या वयस्क मेकॅनिकने जुना बुश काढून बोटांनी फिरवून पाहिला आणि म्हणाला, “सर, गाडी पायांवर उभी नसताना शेवटचा पाना मारलाय.” मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. त्या एका वाक्यात किती विज्ञान भरलं आहे ते गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कळावं असं मनापासून वाटतं.

सुरुवात बोल्टापासून करू. बोल्ट म्हणजे दोन भाग एकत्र ठेवणारी खुंटी, असं आपण धरून चालतो. खरं तर बोल्ट ही स्प्रिंग आहे, फार कडक स्प्रिंग. नट फिरवला की बोल्ट लांबतो, आणि पुन्हा आखूड व्हायच्या धडपडीत मधले भाग एकमेकांवर दाबून धरतो. जितका ताण तितकी लांबी वाढते, हा रॉबर्ट हूकने १६७८ साली छापलेला नियम इथे तंतोतंत चालतो.

आकडे पाहा. सस्पेन्शनमध्ये सर्रास आढळणारा १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट घ्या, डोक्यावर १०.९ कोरलेला. त्यातले १० म्हणजे हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे १००० न्यूटन ताणापर्यंत तुटत नाही; .९ म्हणजे त्याच्या ९० टक्क्यांच्या आसपास ते कायमचं लांबतं, परत मूळ मापावर येत नाही. असा बोल्ट नीट आवळला तर तो सुमारे ५० हजार न्यूटन जोराने, म्हणजे पाच टन वजन ठेवल्यासारखा, जोड दाबून धरतो. आणि एवढ्यासाठी तो लांबतो किती? आवळलेला भाग ८० मिलिमीटरचा असेल तर जेमतेम ०.२ मिलिमीटर. वहीची दोन पानं एकावर एक ठेवा, तेवढाच.

या दोन पानांच्या जाडीवर सगळं अवलंबून आहे. आर्म आणि त्याला सांगाड्याशी धरून ठेवणारी लोखंडी पकड, म्हणजे ब्रॅकेट, यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा, चिखल किंवा रंगाचा जाड थर राहिला, आणि चार दिवस खड्ड्यांतून गेल्यावर तो ०.०५ मिलिमीटर दबला, तर नट जराही न फिरता बोल्टाचा जवळपास चौथा हिस्सा ताण निघून जातो. म्हणून जोडाची तोंडं तारेच्या ब्रशने घासून घेणं हे आवळण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. आपल्याकडे ते सगळ्यात आधी टाळलं जातं.

ताण गेला की काय होतं? चाकाचा आडवा धक्का बोल्टाच्या दांड्याने झेलायचा नसतो. दाबून धरलेल्या पृष्ठभागांमधलं घर्षण तो झेलतं. दाब कमी पडला की भाग केसभर सरकू लागतात, आणि त्या सरकण्यात नट हळूहळू आपोआप सुटतो. आडव्या हालचालीने बोल्ट कसे सुटतात हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवलं. तोपर्यंत बहुतेकांचं लक्ष उभ्या धक्क्यांवरच होतं.

ताणलेल्या पोलादावर भिस्त ठेवायची तर त्याला जपावं लागतं, हे गोमंतकीयांना वेगळं सांगायला नको. मांडवीवरचा जुना पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला. काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या तारांना लागलेला गंज हे त्यामागचं मोठं कारण होतं. आमचा बोल्टही तीच खारी हवा खातो.

आता अडचण अशी की बोल्ट ०.२ मिलिमीटर लांबला की नाही हे गाडीखाली झोपून मोजणार कसं? ते शक्य नसतं, म्हणून आपण पिळाचा जोर मोजतो, म्हणजेच टॉर्क. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १० किलोचं वजन टांगलं की १०० न्यूटन-मीटर होतात. आपला नेहमीचा पाना वीतभर लांब, त्यावर तेवढ्यासाठी पन्नास किलोचा जोर लागेल. पान्यात पाइप अडकवला की पोरसवदा मुलगाही हसत-हसत बोल्टाचे आटे घालवतो. हाताच्या अंदाजाला इथे मर्यादा आहे, हात कितीही मुरलेला असला तरी.

पण टॉर्क म्हणजे ताण नव्हे. लावलेल्या जोरातला ढोबळमानाने निम्मा नटाखालच्या घासण्यात जातो, ४० टक्के आट्यांमधल्या घासण्यात, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १० टक्के. त्यामुळे घर्षणात थोडा फरक पडला तरी ताण कुठल्या कुठे जातो. आपल्या १२ मिलिमीटरच्या बोल्टाला कोरड्या, स्वच्छ आट्यांवर १२० न्यूटन-मीटर लावले तर ५० हजार न्यूटन ताण मिळतो. त्याच आट्यांना तेल-ग्रीस लावून तेवढाच टॉर्क दिला तर तो ६६ हजारांच्या घरात जाऊ शकतो, म्हणजे कायमचा लांबायच्या अगदी काठावर. आणि आटे गंजलेले असतील तर ३३ हजारही मिळायची मारामार, पण हाताला मात्र बोल्ट “टाइट” लागतो! म्हणून मॅन्युअलमध्ये कोरडे आटे सांगितले असतील तर कोरडेच ठेवावेत. गंज सोडवायला मारलेला स्प्रे नवा बोल्ट घालण्याआधी पुसून काढावा. आणि जिथे “नवाच बोल्ट वापरा” असं लिहिलं असेल तिथे पैसे वाचवू नयेत. तो बोल्ट मुद्दाम जवळपास कायमचा लांबेपर्यंत ताणलेला असू शकतो.

टॉर्क रेंचची करामत साधी आहे. मुठीत दाबलेली एक स्प्रिंग असते, मूठ फिरवून तिचा दाब ठरवायचा. नटाचा विरोध त्या दाबापेक्षा वाढला की आतला छोटा ठोकळा कलंडतो, “टक्” होतं आणि हाताला झटका जाणवतो. तिथेच थांबायचं. खात्रीसाठी दुसऱ्यांदा टक् करायची सवय अनेकांना असते, पण प्रत्येक वेळी नट थोडा पुढे सरकू शकतो. हात मुठीच्या मध्यावर, ओढ सावकाश आणि एकसारखी. काम झालं की रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर स्प्रिंग दमते. बोल्ट सोडायला तो कधीही वापरू नये. एवढं सगळं पाळूनही प्रत्यक्ष ताणात पंचवीस-तीस टक्के इकडे-तिकडे होतंच, कारण घर्षण रेंचच्या हातात नसतं.

आता मेकॅनिकचं ते वाक्य. बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांच्या मध्ये चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट, आतली बोल्टाने ब्रॅकेटमध्ये जखडलेली. आर्म वर-खाली होतो तेव्हा आतली नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबतं. त्या स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला तर आतली नळी तिथेच जखडते, आणि गाडी जमिनीवर आली की रबर उभ्याउभ्याच पिळलेलं राहतं. पुढचा प्रत्येक खड्डा त्यात भर घालतो. माझ्या बुशांचं हेच झालं होतं. टॉर्क अगदी अचूक असता तरी हेच झालं असतं.

त्याने काम केलं ते डोळे भरून पाहण्यासारखं होतं. गाडी उचलण्याआधी टेपने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप घेऊन खडूने फरशीवर लिहिलं. गाडी भक्कम स्टँडवर घेतली. नवे बुश बसवले, बोल्ट नुसते टेकेपर्यंत फिरवले. मग दुसरा जॅक आर्मच्या टोकाखाली लावून, टेपवर तेच माप येईपर्यंत चाक वर घेतलं. आणि मग रेंच. टक्. शेवटी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ नटावरून ब्रॅकेटपर्यंत ओढली. “पाऊस संपला की बघा, सर. रेघ तुटली असेल तर नट फिरलाय.”

नोव्हेंबरमध्ये गाडीखाली टॉर्च घेऊन वाकलो. रेघेवर लाल चिखल वाळला होता. नखाने खरवडला. खाली रेघ सलग होती.